नखाएवढा आरसा

यसोआबांना एखादी वस्तू कुठे आहे असं विचारलं, तर ते वस्तूची जागा सांगत नसत. आपण कुठे उभं राहायचं, ते सांगत. काशीकाकी चुलीपासून ओरडायची, "ओ, विळी खंय ठेवलास?" आणि ओट्यावरून उत्तर यायचं, "बावीकडे उभी रव. तुळशीचो शेंडो खिडकीच्या गजार इलो काय, सरळ खाली बघ." काकी कपाळावर हात मारून घ्यायची. "घरातली विळी शोधूक आता बावीपर्यंत जावचा!" पण ती जायची, आणि विळी तिथेच असायची.

"एक खूण म्हणजे आवई," आबा म्हणायचे. "दोन खुणो एकार एक इल्यो, तर ती वाट."

हे त्यांच्या धंद्यातून आलं होतं. मालवण किनाऱ्यावरच्या आमच्या बंदरात मुंबईची आगबोट धक्क्याला लागत नसे. ती बाहेर खोल पाण्यात उभी राही आणि माणसं, ट्रंका, गाठोडी, कोंबड्या सगळं पडावातून किनाऱ्याला येई. पडाव म्हणजे रुंद, उघडी, वल्ह्यांची होडी. मागे बसून तिचं सुकाणू धरतो तो तांडेल. यसोआबा तीस वर्षं तांडेल होते. आगबोट आणि किनारा यांच्यामध्ये खडपं, म्हणजे समुद्रातले खडक, आहेत. काही दिसतात, काही पाण्याखाली वीतभर खोल असतात. त्यांच्यामधून वाट आहे, पण ती पाण्यावर दिसत नाही, जमिनीवर दिसते. देवळाची दीपमाळ अमक्या माडावर आली की सरळ जायचं, चुना लावलेला खांब दीपमाळेखाली आला की डावीकडे वळायचं. अशा खुणांनी तांडेल वाट ओळखतो. या खुणा तो कोणाला सांगत नाही. बाप मुलाला सांगतो, तेही समुद्रात नेऊन. आबांचा मुलगा मुंबईला गोदीत कामाला लागला होता आणि त्याला होडीत बसलं की ओकाऱ्या येत. त्यामुळे आबांच्या खुणा आबांजवळच राहिल्या होत्या.

मी त्यांची शेजारीण. माझे वडील मुंबईला गिरणीत होते. सुट्टीला येताना ते ट्रंकेच्या तळाशी युनियनची पत्रकं अंथरून आणत. मला अक्षरं त्या पत्रकांवरून आली. शाळेच्या पुस्तकातलं "कमळ बघ" मी नंतर वाचलं; आधी वाचलं ते "कामगारांनो, जागे व्हा". मॅट्रिक होऊन मी गावच्या शाळेत मास्तरीण झाले तेव्हा मीही पत्रकं लिहू लागले होते. मालवणच्या बाजारात पायाने चालवायचा एक छापखाना होता, तिथे ती छापून घेई आणि बंदरावरच्या झाडांना चिकटवी. आबांना ती वाचून दाखवावी लागत, कारण त्यांना अक्षर येत नव्हतं. ऐकून ते हसत. "तुज्या कागदात सगळीच ओरडतत गो बाय. ऐकता कोण?"

साठ सालच्या आसपासची ही गोष्ट. एका श्रावणात जेवता जेवता आबांच्या डाव्या हातातला तांब्या गळून पडला आणि जीभ जड झाली. पंधरा दिवसांत हात परत आला, जीभही परत आली. मग आबांचं काहीतरी बिनसलं आहे हे सगळ्यांना दिसू लागलं, एकट्या आबांना सोडून. ते दाराच्या डाव्या चौकटीला धडकत आणि रागाने विचारत, "ह्या दार कोणी सरकवला?" पायाखाली माशांची टोपली येई आणि टोपली ठेवणाऱ्याचा उद्धार होई. आणि रोज पानावर बसलं की कुरकुर, "काशी, मीठ वाढूक इसारलंस."

आपल्याकडे मीठ पानाच्या डाव्या हाताला वाढतात. काकी रोज वाढत होती. आठवडाभर तिने ऐकून घेतलं, "वाढलंय मगो" म्हणून भांडून पाहिलं. मग एका दुपारी, मी तिथेच बसले होते, ती वाकली आणि तिने केळीचं पान अर्धं फिरवलं. मीठ उजवीकडे आलं. आबा त्या मिठाकडे बराच वेळ बघत राहिले. मीठ होतं, पण आता भाजी नव्हती.

नंतर मी त्यांना विचारलं, "आबानू, डाव्या बाजूक काळोख दिसता काय?"

"काळोख नाय गो. काळोख दिसता. थंय कायच नाय." आणि थोड्या वेळाने, "तुज्या पाठीमागे काळोख आसा काय? नाय मगो? तसा."

पावसाळ्यात बंद असलेली आगबोट आश्विनात पुन्हा सुरू झाली. पडावाच्या मालकाने, बाबीशेटने, आबांना घरी बसायला सांगितलं आणि पुढचं वल्हं मारणाऱ्या गोपाळच्या हाती सुकाणू दिलं. गोपाळ ताकदीचा गडी, पण त्याला खुणा ठाऊक नव्हत्या. तो भरती पुरी चढेपर्यंत थांबायचा आणि लांबच्या वाटेने यायचा. उतारू उन्हात तासन् तास आगबोटीच्या शिडीपाशी ताटकळत. आबा ओट्यावर बसून लांबून ते पडाव बघत आणि मांडीवर हात ठेवून अदृश्य सुकाणू फिरवत. ते मला बघवेना. तीस वर्षं एका माणसाने दुसऱ्याचा पडाव सांभाळायचा, आणि डोळा अधू झाला की त्याला मोडक्या वल्ह्यासारखं बाजूला टाकायचं, हा न्याय कुठला? मी एका बैठकीत पत्रक लिहिलं. मथळा होता, "अर्धी नजर म्हणजे अर्धा माणूस नव्हे!" त्यातला शब्दन् शब्द मी आजही खरा मानते.

बाबीशेटने ते झाडावरून काढून नीट वाचलं आणि ते घेऊन शाळेत आला. रागावला की तो मालवणी सोडून पुस्तकी बोले. "शालनबाई, पडाव माझा आहे. त्यात बसणारे जीव माझे नाहीत. तुम्ही आबांचे डोळे आणा आणि सुकाणू घेऊन जा."

तर मग डोळे आणायचे. मी वडिलांना पत्र टाकलं. दिवाळीनंतर आबा आगबोटीने मुंबईला गेले. वडिलांनी त्यांना एका मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की डोळे दोन्ही चांगले आहेत. डोळ्यांनी आणलेलं जिथे गोळा होतं, ती डोक्यातली जागा दुखावली आहे. गेलेली बाजू परत येणार नाही. पण एक गोष्ट करून बघता येईल. त्यांनी एका म्हाताऱ्या काचवाल्याकडून चष्मा करवून घेतला. काचा साध्या, नंबर नसलेल्या. डाव्या काचेच्या नाकाकडच्या कडेला मात्र तारेने बसवलेला, अंगठ्याच्या नखाएवढा, तिरका आरसा. सोबत दोन पानी मराठी पत्र होतं. वर लिहिलं होतं, घरातल्या वाचणाऱ्या माणसाने हे सावकाश वाचून दाखवावे.

वाचणारं माणूस मी. ओट्यावर आबा, काकी आणि मी. मी वाचू लागले. आरसा डावीकडचं जग उचलून उजवीकडे टाकील. पण उजवीकडे उजवीकडचं जग आहेच. डावा डोळा आरशातलं बघेल, उजवा डोळा खरं समोरचं बघेल, आणि दोन्ही चित्रं एकाच जागी एकावर एक पडतील. कधी दोन्ही पारदर्शक होऊन एकमेकांतून दिसतील, कधी एक दुसऱ्याला झाकेल, आणि मग झाकलेलं आपोआप वर येईल. यात डोळ्यांचा दोष नाही. आरशातलं चित्र उलटं असेल. मान हलवली की ते सरकेल, खरं जागेवर राहील. शंका आली तर डावा डोळा मिटावा; मिटल्यावर जे उरेल ते खरं.

"दाक्तर तांडेल होवूक होयो होतो," आबा खूश होऊन म्हणाले.

दुसऱ्या पानाच्या शेवटी चार ओळी राहिल्या होत्या. हा आरसा बसून, थांबून बघण्यासाठी आहे. चालत्या गाडीवर किंवा होडीवर, जिथे आपल्या नजरेवर दुसऱ्यांचे जीव आहेत, तिथे यावर विसंबू नये. मी त्या मनात वाचल्या. बाबीशेटला हेच हवं आहे, असं मला वाटलं. मुंबईच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला आमच्या आबांचे हात काय ठाऊक, असंही वाटलं. मी पत्राची घडी घातली आणि म्हटलं, "इतकाच आसा."

त्यानंतरचे दिवस मला स्वप्नातल्यासारखे आठवतात. मार्गशीर्ष-पौषातलं कोवळं ऊन, ओट्यावर भिंतीला टेकून बसलेले आबा, नाकावर तो विचित्र चष्मा, आणि त्यांचा सावकाश, दुसऱ्याच कुठल्या गावाहून आल्यासारखा आवाज. समोर थोडा उजवीकडे समुद्र होता. डावीकडे अंगण, तिथे काकी बांगडे सुकत घालायची. आबा समुद्राकडे बघत आणि सांगत.

"पाण्यात माड उगवले गो. उलटे न्हय, सरळ. तेंच्या मुळातसून होडयो जातत."

"आता माड गेले. नुसता पाणी."

"आता परत इले. पातळ. जसो धूर."

एकदा ते बोलता बोलता थांबले आणि हळूच, कोणी उडून जाईल अशा बेताने म्हणाले, "माजी काशी पाण्यारसून चलता."

काकी अंगणात सुपातले बांगडे घेऊन चालली होती. ती तिथूनच म्हणाली, "आता पाण्यार चलवतास. जमिनीर कधी सुखान चलाक दिलास?"

"गप रव गो. चल तशीच. तुज्या पायाखाली लाट इली."

आणि काकी, तोंडाने पुटपुटत, खरंच अंगणातून पुन्हा एकदा चालली. पदर सावरून, पाय जपून टाकत, जणू अंगण ओलं होतं.

मी तो चष्मा घालून बघितला. आधी नुसता गोंधळ दिसला. मग समुद्रावर आमच्या शाळेची पाटी तरंगू लागली. अक्षरं उलटी होती. लाटेकडे लक्ष दिलं की पाटी विरे. पाटी शोधली की लाट फिकी होई. दोघींना धरून ठेवायला गेलं तर दोघी निसटत. मी डावा डोळा मिटला. शाळा गेली, समुद्र राहिला. मला पाटीची उलटी अक्षरं बघून कळत होतं की हे आरशातलं आहे. आबांना अक्षरच येत नव्हतं, तेव्हा त्यांना तीही खूण नव्हती. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं होतं. मी ते बोलले नाही.

आबांनी मात्र मान हलवण्याची सवय लावून घेतली. दर थोड्या वेळाने पाखरासारखी मान जराशी इकडेतिकडे. सरकलं ते खोटं, राहिलं ते खरं. चौकटीला धडकणं थांबलं. टोपल्या पायाखाली येईनाशा झाल्या. मीठ त्यांना आता भाजीच्या ढिगावर सांडलेलं दिसे, आणि ते हात बरोबर डावीकडे नेऊन ते उचलत. गावची पोरं बघायला जमत. "आबानू, माज्या हातात काय आसा?" डावीकडून कोणी ओरडे. "तुज्या हातात चिकू आसा, आणि तो माज्या झाडाचो आसा, चोरा!"

मी दुसरं पत्रक काढलं. बाबीशेट स्वतः ओट्यावर येऊन बसला, त्याने आबांना चार गोष्टी विचारल्या, चार वस्तू डावीकडे धरून बघितल्या. शेवटी त्याने एक फेरी कबूल केली. चैत्रातली दुपार, वारा कमी, भरती अर्धी. अर्ध्या भरतीत शेटचा पडाव फक्त आबाच आणू शकत. गोपाळ खुशीने आपल्या पुढच्या वल्ह्यावर गेला. साक्षीला म्हणून मी पडावात बसले. तिसऱ्या पत्रकाचा मथळा माझ्या डोक्यात तयार होता.

जाताना काही झालं नाही. आगबोटीपाशी माणसं उतरली, ट्रंका उतरल्या, एक बाई मुलाला छातीशी धरून माझ्या शेजारी बसली आणि तिने विचारलं, "तांडेलाच्या नाकार ता काय चमाकता?" मी म्हटलं, "तो तेंचो डावो डोळो."

येताना पहिलं खडप गेलं, दुसरं गेलं. आबा गुणगुणत होते. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. इतका सुखी चेहरा मी फार कमी बघितला आहे. मग त्यांनी समोर नजर लावली, ओठ मिटले आणि सुकाणू दाबलं. पडाव डावीकडे वळू लागला. पुढून गोपाळने मान वळवून मागे बघितलं. त्याला खुणा ठाऊक नव्हत्या, पण इतकी वर्षं त्याच्या अंगाला ठाऊक होतं की आणखी दहा-बारा वल्ही मारल्यावर वळतात. त्याने वल्हं तसंच मारलं. तांडेलाला वल्हेकरी बोलत नाही.

आबांची मान हलली. पाखरासारखी, जराशी. आणि त्यांचा चेहरा एकदम रिकामा झाला. त्यांनी डावा डोळा मिटला.

"उलटी मारा! उलटी, उलटी!"

वल्ही उलटी पडली, पडाव थरथरला, माझ्या पायाखालून कुणीतरी नखाने ओरबाडावं तसा लांब आवाज गेला. एक ट्रंक घसरली. मूल रडलं. डाव्या अंगाला, हात घातला असता तर लागलं असतं इतक्या जवळ, पाण्याखाली काळं खडप पसरलेलं होतं. मग पडाव मागे आला, सुटला, आणि आबांनी तो उरलेला सगळा रस्ता चष्मा खिशात घालून, मान पूर्ण डावीकडे वळवून वळवून, घामाने निथळत आणला. उतारूंना वाटलं, लाट होती.

झालं होतं ते असं. डावीकडच्या किनाऱ्यावर कोणीतरी त्या दिवशी होडीचं पांढरं शीड सुकत टाकलं होतं. एरवी ते तिथे नसतं. आरशाने ते उचललं आणि दीपमाळेच्या बरोबर खाली ठेवलं. चुना लावलेला खांब अजून उजवीकडे लांब होता. दुसऱ्या कोणा माणसाला एका पांढऱ्या डागावर दुसरं काही दिसलं असतं तर त्याने डोळे चोळले असते. तांडेलाने आयुष्यभर एकच गोष्ट शोधलेली असते, एकावर एक आलेल्या दोन वस्तू. त्या दिसल्या की त्याचा हात त्याला विचारत नाही.

किनाऱ्यावर बाबीशेट हसत पुढे आला. "पडाव बरो हाडलास आबानू! माजो शब्द मी पाळतलंय. उद्यापासून तुमीच."

वल्हेकरी खाली बघत होते. त्यांच्यापैकी कोणी बोललं नसतं. आबा वाळूत उतरले, ओले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "उद्यापासून गोपाळ. आज मी चुकलंय. पडाव खडपार घातलो होतो."

मी त्यांना हात धरून बाजूला ओढलं. "आबानू, कोणाक कळला नव्हता!"

"खडपाक कळला," आबा म्हणाले.

त्या दिवशी ऊन उतरल्यावर मी त्यांच्या ओट्यावर गेले. काकी आत होती. आबांनी चष्मा पायरीवर ठेवला होता आणि ते त्याच्याकडे बघत नव्हते. "पांढरे दोन दिसत होते गो," ते म्हणाले. "एक हयसर, एक थयसर. दोन्ही दिसत होते. माका होयो होतो तो मी घेतलंय." मग, "त्या दाक्तराच्या कागदात होडीचा काय होता काय?"

नाही म्हणता आलं असतं. पत्र माझ्याजवळ होतं, वाचणारी मीच होते. मी घरी गेले, पत्र आणलं आणि राहिलेल्या चार ओळी वाचल्या. त्यांनी त्या पुन्हा वाचायला लावल्या. मी पुन्हा वाचल्या.

"माका वाचूक येणा नाय," आबा म्हणाले. आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं. "म्हणान मी तुजे डोळे घेतलंय. तुकाय अर्धाच दिसता मगो."

मला इतकं कोणी कधी मारलं नव्हतं. मी रडू लागले तशी काकी बाहेर आली. आबा तिला म्हणाले, "तिका च्या दी. पडावात बसली होती, दमली." मी त्या चार ओळी गाळल्या होत्या हे त्यांनी पुढे अखेरपर्यंत कोणालाही, काकीलाही, सांगितलं नाही. हे आज पहिल्यांदा मी लिहीत आहे.

बाबीशेटबद्दलचं माझं मत यामुळे बदललं नाही. तीस वर्षं राबलेल्या माणसाला घरी बसवताना त्याच्या पोटाचं बघायला हवं होतं. ते त्याने बघितलं नाही. तिसरं पत्रक मी त्यावर काढलं. पण त्यात मी डॉक्टरांच्या त्या ओळी छापल्या आणि फेरीत काय झालं तेही छापलं. त्यामुळे ते फारच मवाळ झालं, असं वडील म्हणाले. त्या पत्रकानंतर शेटने आबांना किनाऱ्यावर बसून पडावांची देखरेख करण्याचं काम दिलं. आता हा सगळा परिणाम पत्रकाचा, की वाळूत उभं राहून आबा बोलले त्याचा, हे मी सांगू शकत नाही.

पण देखरेख करून गोपाळला वाट कशी कळणार? तो अजून भरतीचीच वाट बघत होता. आषाढात एका संध्याकाळी आबा माझ्याकडे आले. "वही घे. मी सांगतंय ता लिही."

त्यांनी खुणा सांगितल्या. सगळ्या. तीन दिवस ते सांगत होते, डोळे मिटून. चष्म्याची गरजच नव्हती. तो सगळा किनारा त्यांच्या डोक्यात अखंड होता, डावी बाजूसुद्धा. मी लिहून घेत होते आणि मधूनच वाटे, आबा आत्ता पडाव आणत आहेत. त्यांचे खांदे हलत. "आता वारो पडलो," ते पुटपुटत. "आता सरळ. आता दीपमाळ वर येतली." शेवटी म्हणाले, "आणि लिही. हयसर शीड, धोतर, काय पण पांढरा दीपमाळेखाली दिसात. तेका खांब समजू नको. हयसर यसो तांडेल चुकलो."

"ह्या शेवटचा कित्याक?"

"लिही."

नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्यावर सगळे तांडेल किनाऱ्यावर जमलेले असतात. त्या दिवशी आबांनी मला होडीच्या फळीवर उभं केलं आणि वही वाचायला सांगितली. एक म्हातारा तांडेल उसळला, "यसो, बापजाद्यांचा सोना वाटतंस?"

"सोना खंय? खडपा आसत ती," आबा म्हणाले. "तुज्या बापाची न्हय, माज्या बापाचीय न्हय."

"मगे पोरा काय करतली?"

"मगे तुजो पोरगो पण बुडाचो नाय, आणि माजो पण."

कोणी हसलं, कोणी थुंकलं, पण उठून कोणी गेलं नाही. मी वाचत गेले. शेवटच्या ओळीपाशी मी थांबले. आबा माझ्या उजवीकडे उभे होते, मी त्यांच्या डावीकडे. मी त्यांना दिसत नव्हते. त्यांनी मान वळवली नाही. फक्त म्हणाले, "वाच."

मी वाचलं. यसो तांडेल चुकलो. पूर्ण, नावासकट, मोठ्याने.

चष्मा त्यांनी टाकला नाही. तो ओट्यावर बसून, थांबून बघण्यासाठी उरला. दुपारी ते तो नाकावर चढवत आणि काकीला पाण्यावरून चालवत. काकी आता बोलेनाशी झाली होती, नुसती चालायची. दोन वर्षांनी एका पहाटे दुसरा झटका आला आणि आबा झोपेतच गेले.

पाण्याखालच्या त्या काळ्या खडपाला तोवर नाव नव्हतं. आता आहे. त्यांना जाऊन महिना झाला असेल, मी अंगणात काकीजवळ बसले होते; ती सुकत घातलेले बांगडे परतत होती. गोपाळ अर्ध्या भरतीत पडाव आणत होता. वारा किनाऱ्याकडे होता, म्हणून त्याची हाक स्वच्छ ऐकू आली, "यसोची चूक इली! डावी वल्ही उचला रे!"

काकीच्या हातात बांगडा तसाच राहिला. "गेले तरी पाण्यातच रवले," ती म्हणाली.

मग पडाव वळसा घालून आत येईपर्यंत तिने तो बांगडा परतला नाही.